जिथे सोडला तिथून

जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करून विकायचं माझं दुकान. गिऱ्हाईक आलं की माझी टकळी सुरू होते. बाप-लेक आले, तशी झाली.

"हा हातातला. स्क्रीन लहान आहे, पण सेल टाकायचे आणि कुठेही घेऊन जायचं. मध्येच थांबवला तर जिथे सोडला तिथून पुढे सुरू होतो. हा दुसरा टीव्हीला जोडायचा. चित्र मोठं, मजाही मोठी. पण एकदा लावला की घरातून हलत नाही, आणि बंद केला की खेळ पुन्हा पहिल्यापासून."

मुलीने हातातला केव्हाच उचलून छातीशी धरला होता. "बाबा, हाच घेऊ या ना. दोन्ही घरी नेता येईल."

"म्हणूनच नको," बाबा म्हणाले. मग ओशाळं हसून माझ्याकडे झुकले. "टीव्हीवालाच द्या. निदान खेळायला म्हणून तरी तिला माझ्याकडे यावंसं वाटेल."

मला काय, धंद्याशी मतलब. मी वायरी गुंडाळून खोक्यात भरायला घेतल्या.

मुलीने हातातला गेम काउंटरवर परत ठेवला, अगदी होता तिथे.

"आईनेपण टीव्हीवालाच घेतलाय," ती मला म्हणाली, बाबांना नाही. "तीपण दुकानात हेच म्हणाली होती. तिथे मी शेवटच्या राक्षसापर्यंत पोचते, तोवर बाबांकडे निघायची वेळ होते. आता दोन्हीकडे पहिल्यापासून."