धूर दिसेना

मोंटानातल्या त्या दरीत हिवाळाभर दोनच माणसं राहायची. ओढ्याच्या अलीकडे लोर्ना आणि पलीकडे म्हातारा ऑर्विल. दोघंही एकटं राहायलाच इथे आलेली, त्यात कुंपणावरून भांडण झाल्यापासून बोलणंही बंद.

आज बऱ्याच दिवसांनी लोर्ना बर्फातून नेहमीच्या टेकडीच्या माथ्यापर्यंत धावायला निघाली, तर ऑर्विलच्या धुराड्यातून धूर दिसेना. असेल झोपलेला, म्हणत ती चढू लागली. पण पाय पुढे आणि नजर मागे. असल्या गारठ्यात शेगडी विझवून कोण झोपेल? शेवटी चढण अर्ध्यावर सोडून ती वळली आणि मांडीभर बर्फ तुडवत त्याच्या दारावर धडकली.

दार लगेच उघडलं. ऑर्विल कोट, टोपी, बूट चढवून बाहेर पडायच्या तयारीत उभा होता.

"जिवंत आहेस होय! कुठे उलथली होतीस इतके दिवस?"

"तापाने पडले होते. पण म्हाताऱ्या, तुझी शेगडी का विझली?"

तो आणखीच चिडला.



"माथ्यावर तू कधी दिसतेस म्हणून सकाळपासून खिडकीतून हललोच नाही. लाकूड कोण घालणार?"