जाणाऱ्यांची यादी

“मॅडम, आपण आमच्यासोबत बरीच वर्षं आहात. आमचं काही चुकलं का?”

कंपनीने पाठवलेल्या कागदावरचं हे वाक्य दिनानाथने सकाळपासून नवव्यांदा वाचलं. तोंडात मध आणि डोळे मात्र रस्त्यापलीकडच्या नावेदच्या दुकानावर. फोनवरच्या बाईंनी “विचार करून सांगते” म्हणून फोन ठेवला. विचार करून सांगणारं माणूस परत येत नाही, हे त्याला दोन महिन्यांत पाठ झालं होतं.

जानेवारीपासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय झाली होती. एक मेसेज टाकायचा, आलेला कोड घेऊन दुसऱ्या कंपनीच्या दुकानात जायचं, की झालं. उरण नाक्यावरच्या दिनानाथच्या दुकानात आठ वर्षं एकाच कंपनीची सिमकार्डं विकली जात होती, आणि नावेदने बरोब्बर समोर दुसऱ्या कंपनीचं दुकान थाटलं. काचेचा दरवाजा, आत एसी, बसायला लाल खुर्च्या. पोरगा पंचविशीचाही नाही, पण येईल त्याला नावानिशी ओळखायचा, थंड पाणी द्यायचा, कळंबोलीच्या ट्रकवाल्यांना त्यांच्या गावाकडची खुशाली विचारायचा. दिनानाथच्या पोटात दुखायचं. त्या काचेच्या दारातून कुणी आत गेलं की याच्या तोंडातला घास कडू व्हायचा. आपल्याकडे एसी असता तर, असं तो दिवसातून दहा वेळा म्हणायचा. आणि गिऱ्हाईक आलं की मान वर न करता विचारायचा, “किती टाकू?”

त्यात कंपनीने ही नवी शिक्षा काढली. भागातून कोणकोण कंपनी सोडून निघालंय त्याची यादी दर शनिवारी दुकानदाराकडे यायची, आणि दुकानदाराने एकेकाला फोन करून अडवायचं.

“म्हणजे मी आता लोकांच्या विनवण्या करायच्या!” मागच्या शनिवारी सकाळी चहा पिताना त्याने बायकोपुढे आगपाखड केली होती. कागदावरचं वाक्यही अगदी कंपनीच्या सुरात वाचून दाखवलं होतं. “ऐकलंस? मॅडम म्हणायचं, चुकलं का विचारायचं!”

“सगळ्यांना करता फोन?” वसुंधराने चहा गाळता गाळता विचारलं.

“सगळ्यांना कशाला? राहणारे राहतातच. जाणाऱ्यांनाच.”

खुद्द वसुंधराशी तो कधी फोनवर बोलला नव्हता. दुकानाचा फोन धंद्याला मोकळा हवा, हा त्यांच्या घरचा कायदा. जेवायला निघाला की तो एक मिस कॉल द्यायचा, तिने तवा ठेवायचा. सोबत पाहुणा असला की दोन. फोन उचलायचा कुणीच नाही. आठ वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती, आणि आपल्या घरची ही शिस्त तो गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा.

यादीतला दहावा नंबर दाबताना मध्येच त्याला जाणवलं, की आपण कागदाकडे बघतच नाही आहोत. पुढचे आकडे बोटांना पाठ होते. नंबर वसुंधराचा होता.

त्याने यादी पुन्हा वाचली. मग उजेडात धरून वाचली. नंबर बदलला नाही.

डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. लाल खुर्चीत वसुंधरा बसलीय, हातात थंड पाण्याचा ग्लास आहे, तो पोरगा काहीतरी विचारतोय आणि ती हसतेय. आपल्यासमोर ती शेवटची कधी हसली, ते दिनानाथला आठवेना. त्याने तर जास्तच जळजळ झाली. दुकान तसंच उघडं टाकून तो तरातरा रस्ता ओलांडून गेला.

“गिऱ्हाइकं नेलीस, मी गप्प बसलो. आता माझं घरही सोडलं नाहीस?”

नावेद खुर्चीतून उठून उभा राहिला. “काय बोलताय, दिनाकाका? अल्ला कसम, काकी इथं कधी आल्याच नाहीत. मेसेज काय, घरबसल्या पण जातो. कोड घेऊन आल्या असत्या ना, तर पहिला तुम्हालाच आवाज दिला असता मी.” आणि सवयीने त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला.

दिनानाथने तो घेतला नाही. घ्यायला हवा होता. पोरगा खोटं बोलत नव्हता, तेही दिसत होतं. मग ती निघाली कुणासाठी? आता जळायचं तरी कुणावर?

दुकानात परत येऊन त्याने नंबर लावला. उचलणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्या घरात वाजलेला फोन कुणी उचलत नसे. तवा तेवढा ठेवला जाईल.

पहिली रिंग संपायच्या आत तिने फोन उचलला.

“बोला.”

काय कमी केलं मी तुला, असं त्याला ओरडायचं होतं. पण काय बोलायचं असतं फोनवर बायकोशी? समोर कागद होता. त्याने तोच वाचला.

“मॅडम, आपण आमच्यासोबत बरीच वर्षं आहात.” आवाज मध्येच चिरकला. “आमचं... आमचं काही चुकलं का?”

पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली.

“तुम्ही जाणाऱ्यांनाच फोन करता ना?” वसुंधरा म्हणाली. “मग म्हटलं, आपणही निघावं.”