चौथी भट्टी

भट्टीच्या तोंडाच्या विटा काढल्या, पहिली बरणी बाहेर आली आणि सगळ्यांना कळून चुकलं, झिलई गेली ती गेलीच. बरणी राखेत लोळवल्यासारखी खरबरीत. मालकाची बायको वारल्यापासूनची ही तिसरी भट्टी.

"मालक, या विकायच्या की कुंपणाला लावायच्या?" भट्टी लावणारा म्हातारा म्हणाला. कुणी हसलं नाही.

लेकीनं बरणीवरून बोट फिरवलं. "बाबा, माप आईचंच घेतलं ना?"

"तेच. सात मापं गारगोटीची पूड, तीन राख."

"मग आईच्या हातात वेगळं काय होतं?"

त्यानं वाकून दुसरी बरणी बाहेर काढली.

कारखाना त्याच्या आजोबांनी काढलेला. चाक पुरुषांनी फिरवायचं, गारगोटी बायकांनी कुटायची आणि झिलई घरातल्या मोठ्या माणसानं दार लावून, एकट्यानं कालवायची. आधी आजी, मग आई, मग बायको, आता तो. तिघींपैकी एकीनंही पन्नाशी पाहिली नाही, पण त्यांच्या झिलईवर तीन पिढ्या जेवल्या. बरणीत तोंड दिसायचं.

लेक शहरातली नोकरी सोडून आली होती. सकाळपासून कुटायला बसायची, ते हात दुखेपर्यंत.

"आता एकच भट्टी, बाबा. तीही बिघडली तर कुलूप लावू. मी जाईन परत."

"बघू."

"बघू काय! आईचा जीव होता यात. नीट लक्ष द्या ना जरा."

"देतो गं."

चार दिवसांनी ती पुडीचं पोतं ओढत दाराशी आली. भुवयांपर्यंत पांढरी झालेली. "घ्या. आता लावा दार आणि करा तुमचं ते गुपित." ती हसली. हसता हसता ठसका लागला. "काही नाही, धूळ गेली," म्हणत ती पाणी प्यायला गेली.

त्यानं आतून कडी घातली. सात मापं पूड, तीन राख, वर पाणी. मग कोपऱ्यातल्या पोत्यातून झिलईची चकाकी मारणाऱ्या पांढऱ्या मातीची दोन घमेली भरून टाकीत ओतली, आधीच्या तिन्ही वेळी ओतली होती तशीच, आणि माग राहू नये म्हणून बराच वेळ कालवत राहिला.

बाहेर लेक अजून खोकत होती.

दहा वर्षांपूर्वी डॉक्टर त्याला बाजूला घेऊन म्हणाले होते, बाईंना त्या पुडीपासून लांब ठेवा. तेव्हा मोठी मागणी आली होती. बायकोला त्यानं ते सांगितलं नाही. लेकीला सांगायचं अजून राहिलंच होतं.