पुराना बैंकर

माणिकने म्हाताऱ्याला कॉलर धरून जिन्यावरून वर ओढत आणलं आणि रुचिरच्या पायाशी फेकलं. कॅमेऱ्याचा स्टँड आडवा झाला. म्हाताऱ्याचा ओठ फाटला होता आणि चष्मा एकाच कानाला लटकत होता. माणिकने दाराला आतून कडी घातली.

"सर, मिल गया," तो धापा टाकत म्हणाला. "यही है वो पुराना बैंकर."

रुचिरने वाकून पाहिलं. ते श्रीपाद सरवटे होते, माधव नगरातले, बँकेतून रिटायर झालेले. 'पुराना बैंकर' ते नव्हते, हे उभ्या उज्जैनमध्ये एकाच माणसाला ठाऊक होतं. कारण 'पुराना बैंकर' रुचिर स्वतः होता.

फ्रीगंजमधल्या या भाड्याच्या खोलीतून रुचिर अर्थशास्त्राचे व्हिडिओ काढायचा. महागाई, व्याजदर, रुपया का घसरतो, सगळं सोप्या हिंदीत. शिकवायचा छान, पण कुत्रं विचारत नव्हतं. मग त्याला शक्कल सुचली. त्याने 'पुराना बैंकर' या खोट्या नावाने खातं उघडलं आणि आपल्याच व्हिडिओखाली आपल्यालाच शिव्या घालायला सुरुवात केली. 'कल का छोकरा हमें महंगाई सिखाएगा?' लोक चवताळून सरांच्या बाजूने धावले, कमेंटी वाहू लागल्या आणि चॅनल चाललं. वर पुन्हा रुचिर सर साधूसारखं उत्तर द्यायचे, की मतभेदांचं स्वागत आहे.

खोट्या माणसाला खरं करायचं तर त्याला काहीतरी खोड हवी. ती रुचिरने आयती उचलली. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्याचं व्याख्यान झालं, तेव्हा सरवटे भर सभेत उठून म्हणाले होते, 'रुचिर बेटा, पहले बैंक की खिड़की पे बैठ के देख, फिर बोल.' तेही हिंदीत, म्हणजे मराठी न येणारेही हसावेत. सगळे हसले आणि रुचिरला ते झोंबलं. तेव्हापासून पुराना बैंकर प्रत्येक शिवीच्या शेवटी सरांना खिडकीत बसायला सांगायचा. एखाद्या महानगरात हे खपून गेलं असतं. पण इथली मराठी माणसं एकमेकांना नुसत्या खोकल्यावरून ओळखतात. व्हिडिओ बघून सरांचा भक्त झालेला माणिक मराठी नव्हता, तरी त्या व्याख्यानाला सरांसाठी म्हणून शेवटच्या रांगेत बसला होता आणि ते वाक्य त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आता त्याने सरवट्यांच्या बरगडीत लाथ घातली. म्हाताऱ्याच्या तोंडून आवाजही नीट निघाला नाही. माणिकने सरांना पुढे बोलावलं. पहिली थप्पड सरांच्या हातची पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

"छोड़ दो इन्हें. ये वो नहीं हैं," रुचिर म्हणाला.

"तो कौन है, सर?"

नाव रुचिरच्या जिभेवर होतं, पण डोळ्यांपुढे चॅनल होतं. मोठ्या मुश्किलीने मिळवलेली इज्जत होती. एवढ्या हिशेबाला त्याला जो वेळ लागला, तेवढ्यात माणिकने स्टँडचा पाइप उपसला आणि सरवट्यांच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज रुचिरने ऐकला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोर समोर उभा राहून बघत होता. रुचिरला स्वतःची किळस आली.

"माणिक, मैं ही हूं. वो सब मैं लिखता था," तो ओरडला.

माणिक थांबला. त्याचे डोळे भरून आले.

"आप ही ने पढ़ाया है सर, कोई आदमी अपना नुकसान खुद नहीं करता. और इसे बचाने के लिए आप अपने ही मुंह पे कालिख मल रहे हो?"

तो वाकून सरांच्या पाया पडला. मग उठला आणि ज्या देवमाणसाला शिव्या दिल्या, त्याच्याकडे नीट बघ, असं सांगत त्याने म्हाताऱ्याचं डोकं फरशीवर आपटलं. रुचिर मध्ये पडला, तर माणिकने त्याला शिष्याच्या अदबीने उचलून खुर्चीत बसवलं. सरांनी असल्या कामात हात घाण करू नयेत, असं आता त्याचं मत झालं होतं.

रुचिरने मोबाइल काढला. ते खातं उघडलं आणि माणिकच्या डोळ्यांदेखत स्वतःला एक सणसणीत शिवी लिहून पाठवली. शेवटी खिडकीही घातली. माणिकच्या खिशातला फोन टिणटिणला. माणिकने तो काढून वाचला. मग त्याने सरांचा फोन हातात घेऊन नीट पाहिला. त्याचा पाइपवाला हात खाली आला.

रुचिरने डोळे मिटून घेतले. आता पाइप आपल्यावर पडणार होता आणि तो पडावा, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं.

"सर," माणिक हलक्या आवाजात म्हणाला, "इसने तो आपका फोन भी हैक कर लिया."

पाइप पडला तो सरवट्यांच्या गुडघ्यावर. मग पाठीवर. रुचिर माणिकच्या हाताला लोंबकळला, ओरडला, रडला. माणिकला त्यात सरांचं मोठं मनच दिसत होतं. पासवर्ड कुठून चोरला, हे तो म्हाताऱ्याला पुन्हा पुन्हा विचारत होता.

सरवटे कोपरांवर सरकत पुढे आले. माणिककडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मोडका हात त्यांनी चांगल्या हाताला कसाबसा जोडला आणि रुचिरकडे बघत मराठीत म्हणाले, "सगळं मीच केलं, सर. माझं चुकलं. मला माफ करा."