बॅटऱ्यांमागची वायर

सरकारी वीज तासभर येऊन गेली. जनरेटरवाल्यानं पुन्हा दर वाढवले. वेलदोड्याची कॉफी गार झाली. शाकेचा पॅरिसमधला भाऊ बैरुतच्या त्यांच्या दागिन्यांच्या दुकानाचा खर्च तपासायला दर वर्षी एक कॉम्प्युटर तज्ज्ञ पाठवायचा, यंदा वज्दी आला.

"मादाम शाके, दागिन्यांची डिझाइनं क्लाउडवर टाका. हा सर्व्हर बंद केला की बॅटऱ्यांचा खर्चही सुटेल. भावाला तसंच लिहितो."

"सर्व्हरच बरा, असं लिही ना."

"खोटं लिहू?"

"मग काय झालं? पेन झिजणारेय तुझं?"

वज्दी हसला. तेवढ्यात बॅटऱ्यांमागून भिंतीपलीकडे गेलेली वायर त्याला दिसली.

"ही कुठं जाते?"

"शेजारच्या उम्म घस्सानकडे. तिचं ऑक्सिजनचं यंत्र यावरच चालतं. भावाला कळलं तर म्हणेल, आपण काय दवाखाना उघडलाय?"

वज्दीनं अहवालाचा कागद पुढं ओढला. मग त्यानं लिहिलं, 'एक प्रत क्लाउडवर ठेवावी. दुसरी इथल्या सर्व्हरवर हवीच. बॅटऱ्या काढू नयेत.'

"यात खोटं काहीच नाही, मादाम."

वायरीसाठी भिंतीला ते भोक गेल्या वर्षीच्या तज्ज्ञानं पाडून दिलं होतं.