अंगाला लागलेली हळद

मिरजगावात बजरंगची हळद-मिरची दळायची गिरणी होती. त्याचे हात, भुवया, अगदी कानाच्या पाळ्यासुद्धा कायम पिवळ्या. "आले नवरदेव!" म्हणून गल्ली चिडवायची. त्याची बायको पुष्पावती मात्र रोज संध्याकाळी बेसन घेऊन त्याचे हात चोळत बसायची. लग्नापासूनची ती तिची हौसच होती.

यंदा रंग काही निघेना. अंगाला खाजही सुटली. "मिरचीचा खकाणा बसला आसंल," असं म्हणून ती आणखी जोर लावून चोळायची. तोही मुकाट्यानं चोळून घ्यायचा. त्याचं जेवण तुटलं, अंग उतरलं, तेव्हा कुठे ती त्याला नगरच्या दवाखान्यात घेऊन आली.

डॉक्टरांनी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, रिपोर्ट पुन्हा एकदा वाचले. पोटातली गाठ आता ऑपरेशनपलीकडे गेली आहे, असं त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं. मग न राहवून विचारलं, "इतके पिवळे पडलेत हे. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"हळद दळत्यात न्हवं का, साहेब," पुष्पावती त्यांना समजावू लागली. "कितीबी धुवा, जात न्हाई ती."

"शेवटची कधी दळली?"

"दिवाळीच्या आदी. मंग मोटार जळाली, तवापास्नं गिरणीला कुलूपच..."

बोलता बोलता ती थांबली. संक्रांत होऊन गेली होती.

बजरंगनं आपले दोन्ही हात हळूच चादरीखाली ओढून घेतले.