दुसरी क्लॅरिनेट

"चाल मला येत नाही," सातुर्निनोनं दारातच सांगून टाकलं. "आधीच सांगतो, बाई. उगाच एवढ्या लांब आलात."

अमाया एचेगोयेननं कोट काढला आणि ती स्वयंपाकघरातल्या गोल टेबलाशी बसली. टेबलाखाली शेगडी होती. तिनं पाय तिकडे सरकवले. व्हिएन्ना आणि मिलानच्या ऑपेरांत वीस वर्षं गायलेली बाई. यंदाचा व्हिएन्नाचा करार सोडून तिनं सार्सुएला हाती घेतली होती. अर्धं गाणं, अर्धं बोलणं अशी ही स्पॅनिश भाषेतली संगीत नाटकं. म्हातारे सोडले तर आता त्यांचं नाव कुणी काढत नव्हतं.

तिनं निवडलेलं 'तराफेवाल्याची नवरी' हे नाटक स्पेनच्या आरागोन प्रांतातल्या याच गावात पहिल्यांदा झालं. यादवी युद्धात इथलं नाट्यगृह जळलं, त्यात वादकांचे सगळे कागद गेले. माद्रिदला एक हस्तलिखित सापडलं, पण दुसऱ्या अंकातल्या नवरीच्या गाण्याची पानं त्यात नव्हती. शब्द छापील पुस्तकात होते, चाल कुठंच नव्हती. प्रयोग दीड महिन्यावर आला होता. नवी चाल बांधू, कुणाला कळतंय, असं संगीत दिग्दर्शक म्हणाला. अमायानं त्याच्याकडून आठ दिवस मागून घेतले. आज सातवा होता. त्या वेळच्या वादकांपैकी जिवंत होता तो एकटा सातुर्निनो. वय एक्याऐंशी, दुसरी क्लॅरिनेट, म्हणजे चाल न वाजवता मागून साथ देणारी.

"पंचवीस प्रयोग वाजवलेत ना तुम्ही?"

"सव्वीस."

"आणि चाल एकदाही ऐकली नाही?"

"ऐकत बसलो असतो तर माझी जागा चुकली असती. मी मोजत होतो."

"मग तुमचं जे आहे ते वाजवा."

सातुर्निनोनं कपाटातून क्लॅरिनेट काढली. गावच्या बँडमध्ये तो अजून कधीमधी वाजवायचा. त्यानं तीन सूर काढले आणि थांबला. पायानं आठ मात्रा मोजल्या. पुन्हा दोन सूर. मग बराच वेळ नुसता पाय.

"एवढंच?"

"दुसऱ्या क्लॅरिनेटला आणखी काय असणार?"

अमायानं पुस्तक उघडलं. त्याला पुन्हा वाजवायला लावलं आणि त्या सुरांच्या आधारानं, अंदाजानं, शब्द गायला सुरुवात केली. 'पाणी खाली गेलं, तू वर कधी येणार?' तिचा आवाज लागला तशी फळीवरच्या काचेच्या भांड्यांना कंप सुटला. सातुर्निनो वाजवायचं विसरला.

त्याची बायको ओरोसिया चुलीशी शिळ्या पावाचा चुरा लसणावर परतत होती. मान न वळवता ती म्हणाली, "असं नव्हतं ते."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"देवाशी भांडताय की काय, बाई? पाणी भरायला आलेली पोर आहे ती. हातात घागर आहे तिच्या."

"तुम्ही नाटक पाहिलंय?" अमायानं विचारलं.

"पाहायला तिकीट कोण काढून देणार होतं? आमचं नुकतंच ठरलं होतं. हा सुटेपर्यंत मी मागच्या दाराशी उभी असायचे. घागर घेऊन जाणारी ती पोर दिसायची, शब्द काही कळायचे नाहीत. चाल तेवढी फटीतून यायची."

"म्हणा ना."

"छे! मी कुठली गाणारी?"

पण तिनं कढई खाली उतरवली, हात पुसले आणि चाल म्हटली. आवाज चिरका होता, दोन ठिकाणी फुटला. चाल मात्र कुठं अडली नाही. अमाया भराभर लिहीत गेली. दुसऱ्या खेपेला सातुर्निनोनं आपले सूर त्यात बसवले. मधेच तो थांबला.

"इथं मी खाली उतरतो."

"मग उतर की," ओरोसिया म्हणाली. "ती नाही उतरत."

अमायाचा हात थांबला. तिनं ती जागा दोघांकडून पुन्हा म्हणून घेतली, मग आणखी एकदा. दोघंही बरोबर होते. रचणाऱ्यानं तिथं दोन सूर मुद्दाम एकमेकांना घासू दिले होते. नवी चाल बांधणाऱ्या कुणालाही हे सुचलं नसतं.

आता ती स्वतः गायली, ओरोसियाकडे बघत, अगदी हळू, हातात घागर असल्यासारखी. ओरोसियानं मान डोलावली आणि कढई पुन्हा चुलीवर ठेवली.

अमायानं कागद छातीशी धरून पिशवीत घातले. "दीड महिन्यानं हे माद्रिदला गाणार आहे मी. तुम्ही दोघांनी यायचंय."

"येऊ," ओरोसिया म्हणाली. "पण या खेपेला खुर्ची हवी."

अमाया हसली, तिनं म्हातारीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि ती गेली. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, चढावर तो बारीक होत गेला.

सातुर्निनो क्लॅरिनेट मांडीवर घेऊन बसून होता.

"पंचावन्न वर्षं झाली लग्नाला," तो म्हणाला. "तुला हे येतं, कधी बोलली नाहीस."

"बोलायचं काय त्यात? भांडी घासताना रोज म्हणते की."

तिनं ताटं मांडली, पाव कापला, पाण्याचा जग आणला.

"ओरोसिया, पुन्हा म्हण."

"आता कशाला? बाई गेल्या की."

"ठाऊक आहे मला," सातुर्निनो म्हणाला, आणि त्यानं आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली.